झाला, की झाला म्हणे?

इस्तंबूल

ती. बाबा आणि आई,

बाबा, ‘रानशेतात काल रात्री भूकंप झाला’ एवढाच तुमचा निरोप. पोरीने यातून काय समजायचं? तुम्ही खाटेवरून उठून अंगणात धावलात, की सकाळी चहाला आलेल्या कुणी सांगितलं? डहाणू-तलासरीत नोव्हेंबर 2018 पासून धक्के बसताहेत, तुम्ही सरावलात, कबूल. पण तुर्कीत असं मोघम बोलून सुटका नाही. धक्का स्वतःला जाणवला तर ‘देप्रेम ओल्दू’. झोपेत निघून गेला आणि सकाळी फुटलेली बरणी पाहून कळलं, तर ‘देप्रेम ओल्मुश’. क्रियापदच साक्षीला उभं राहतं. शेजारच्या आजींनी कुठलं भांडण डोळ्यांनी पाहिलं आणि कुठलं जिन्यात ऐकलं, ते शेवटच्या अक्षरांवरून समजतं.

त्याच आजींना परवा शिरा दिला. पहिल्याच घासाला म्हणाल्या, ‘चोक ग्युझेल ओल्मुश!’ तुमचे जावई भडकले. ‘घास तोंडात आणि वर छान झालाय म्हणे?’ पण हा ‘मुश’ नुसत्या ऐकीव गोष्टीचा नाही, ध्यानीमनी नसताना कळलेल्या गोष्टीलाही तोच लागतो. म्हणजे माझा शिरा चांगला होईल, अशी आजींना आशाच नव्हती! स्कॉट डिलॅन्सी या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने 1997 मध्ये अशा नवलदर्शक रूपांवर लेख लिहिला. नवलाला व्याकरणात स्वतंत्र खोली द्यायची, की ऐकीवाच्याच पडवीत झोपवायचं, यावर पंडितांचं अजून एकमत नाही.

आई, तू मात्र सगळं नवल एका ‘की’वर भागवतेस. ‘अगंबाई, मीठ राहिलंच की!’ जावई ‘चांगला निघाला’ म्हणतेस, त्यातही नवलच जास्त. (ह्यांना हे वाचून दाखवलेलं नाही.)

आणि बाबा, पाणिनीने बोलणाऱ्याने न पाहिलेल्या भूतकाळासाठी वेगळं रूप सांगितलंय. मग ते स्वतःबद्दल कसं वापरायचं? टीकाकारांनी वाट काढली: माणूस झोपेत किंवा नशेत असला तर चालेल. तुर्कीतही डुलकीनंतर ‘उयुमुशुम’ म्हणतात, म्हणजे मला झोप लागली होती वाटतं. टीव्हीसमोर ह्यांचं हे रूप अगदी पक्कं झालंय.

आम्ही इथे घर घेतलं, असं आत्या डहाणूभर सांगतेय म्हणे. घेतलेलं नाही. तिला निदान ‘म्हणे’ तरी लावायला सांगा.

तुमची,
बेबी