मुरलेलं पाणी

दिवाणखान्यात काचेची टाकी, टाकीत स्वच्छ पाणी, तळाशी वाळू, कोपऱ्यात बुडबुडे सोडणारा स्पंज फिल्टर, आणि मासा एकही नाही. हे दृश्य पाच-सहा आठवडे पाहुण्यांसमोर मांडून ठेवायला जे लागतं त्याला लोक संयम म्हणतात. मला तो शब्द फार सोवळा वाटतो. इथे लागते ती अपमान गिळायची सवय. येणारा प्रत्येक जण चपला काढता काढताच विचारतो, "मासे कुठायत?" त्यावर "पाणी मुरतंय" म्हटलं की तो टाकीकडे बघायचं सोडून आपल्याकडे बघू लागतो. माणूस टाकी मासे बघायला आणतो, हे दुकानदाराला सांगायला ठीक आहे. आपण मासे बघत बसलोय हे चारचौघांनी बघावं, म्हणून ती आणलेली असते. आणि या चारचौघांचा सर्वांत हपापलेला गिऱ्हाईक मीच. नव्या टाकीतले मासे अमोनियाने मरतात असं पुस्तकं सांगतात. माझ्या मते ते मालकाच्या मिरवण्याच्या घाईने मरतात. अमोनिया बिचारा नुसता हस्तक.

हस्तकाची ओळख मात्र करून घ्यायला हवी. मासा ज्या पाण्यात जेवतो त्याच पाण्यात बाकीचंही सगळं उरकतो, आणि अमोनिया तर बहुतेक कल्ल्यांवाटेच बाहेर टाकतो. नदीत तो पसरून जातो. दोन फुटी टाकीत पाणी असतं जेमतेम 55 लिटर. तिथे तो जाणार कुठे? तो खाणारे जीवाणू असतात, हे विनोग्राड्स्की या रशियन शास्त्रज्ञाने 1890च्या सुमारास दाखवून दिलं. एका जातीचे जीवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसऱ्या जातीचे नायट्राइटचं नायट्रेट. मधलं नायट्राइटही विषच; ते रक्ताची प्राणवायू वाहायची ताकद घालवतं आणि रक्ताला चॉकलेटी रंग आणतं. नायट्रेट त्या मानाने गरीब स्वभावाचं, दर आठवड्याला थोडं पाणी बदललं की आटोक्यात राहतं. या दुसऱ्या टप्प्याचं श्रेय पुस्तकं वर्षानुवर्षं नायट्रोबॅक्टरला देत आली. 1998मध्ये होवानेक आणि त्याच्या सहकाऱ्यांनी गोड्या पाण्याच्या टाक्या तपासल्या, तेव्हा ते काम करताना सापडला नायट्रोस्पायरा. पुढे 2015मध्ये असंही कळलं की त्याच्यातल्या काही जाती दोन्ही टप्पे एकट्यानेच उरकतात. नाव एकाचं आणि राबणारा दुसराच, हा प्रकार फक्त कचेऱ्यांत चालतो असं नाही.

या जीवाणूंना समजून घ्यायला मराठी माणसाला प्रयोगशाळेची गरज नाही, कारण त्याच्या घरात विरजण आहे. विरजणाबद्दल मी जरा जास्तच बोलतो, पण विषयच तसा आहे. दूध किती कोमट असावं, हे थर्मामीटरने न सांगता करंगळीने सांगणारं हे शास्त्र. थंडीत भांडं कणकेच्या डब्याजवळ ठेवावं की ओट्यावर, यावरून घराघरांत दोन पक्ष. विरजण संपलं तर दुधात देठासकट हिरवी मिरची टाकणारी माणसं आहेत, आणि दही लागतंही. दिवेलागणीनंतर शेजारणीला विरजण देऊ नये असं मानणारी घरं आहेत, आणि त्याच घरांत दुपारी चारला वाटीभर विरजण आनंदाने दिलं जातं. लक्ष्मीला घड्याळ कळत असावं. लावलेलं भांडं हलवायचं नाही, सारखं झाकण काढून बघायचं नाही, या शिस्तीत आमच्या पिढ्या वाढल्या. तरीही तीच माणसं टाकीत पाणी भरल्यावर दुसऱ्या दिवशी मासे सोडतात. म्हणजे विरजण न घालता सकाळी दही का लागलं नाही म्हणून दुधाला शिव्या द्यायच्या. फरक आहे तो वेळेचा. दह्याचे जीवाणू दुधातल्या साखरेवर चैन करतात, म्हणून रातोरात वाढतात. आपले हे बिचारे अमोनियाच्या तुटपुंज्या मिळकतीवर जगतात आणि अंग घडवायला कर्ब पाण्यात विरघळलेल्या कार्बन डायऑक्साइडमधून ओढतात. संख्या दुप्पट व्हायलाच साधारण दिवस जातो. ते राहतात स्पंजात, वाळूवर, काचेवर. सुट्या पाण्यात फारच थोडे. म्हणून जुन्या टाकीचं बादलीभर पाणी आणून काही होत नाही. जुन्या फिल्टरच्या मळक्या स्पंजाचा तुकडा आणला तर आठवडे वाचतात. विरजण ते हेच. आणि तो स्पंज स्वच्छतेच्या झटक्यात नळाखाली खळखळून धुतला, की नळातल्या क्लोरीनने सगळी वस्ती साफ.

आता आक्षेप. पहिला नेहमी कुणाच्या तरी काकांचा असतो: त्यांनी बरणीत गोल्डफिश ठेवला होता, मुरवणं वगैरे काही नाही, चांगला दोन वर्षं जगला. नीट ठेवला तर गोल्डफिश दहा-पंधरा वर्षं सहज काढतो. दहा-बारा वर्षांचं पोर गेलं तर आपण "चांगला जगला" म्हणत नाही. काका रोज पाणी बदलत होते म्हणून तो तेवढा तरी टिकला. जीवाणूंची नोकरी काकांनी केली. दुसरा आक्षेप वनस्पतींचा, आणि त्यात तथ्य आहे. 1850मध्ये लंडनमध्ये रॉबर्ट वॉरिंग्टनने गोल्डफिश, पाणवनस्पती आणि गोगलगायी एकत्र ठेवून समतोल साधून दाखवला होता. वनस्पती अमोनिया शोषून घेतात हेही खरं. पण त्या आधी रुजाव्या लागतात, म्हणजे थांबणं आलंच. तिसरा आक्षेप शाकाहारी घरातला: जीवाणूंना खायला घालायचं म्हणून टाकीत मेलेली कोळंबी कुजवतात म्हणे! कुजवतात. पण रोज चिमूटभर माशांचं खाद्य टाकलं तरी तेच होतं, आणि वासाबद्दल शेजारी कमी बोलतात.

चौथा मुद्दा आक्षेप म्हणून येत नाही, शहाणपण म्हणून येतो. "आधी चार स्वस्तातले मासे सोडा, मेले तर मेले, पाणी तयार होईल." यावर विनोद करायचा प्रयत्न मी सोडून दिला आहे. हे चार मासे अमोनियाने भाजलेले कल्ले घेऊन पाण्याच्या वरच्या थराशी येतात, तोंड उघडमीट करत राहतात, आणि काचेबाहेरून कौतुक होतं, "बघ, आपल्याशी बोलतायत!" दोन दिवसांनी एक आडवा तरंगतो. मग तर कमालच: घरावर आलेलं संकट त्याने स्वतःवर घेतलं, म्हणून हात जोडले जातात आणि त्याच पाण्यात नवा मासा सोडला जातो. घरावर आलेलं संकट कुठलं होतं ते कधी कळत नाही. टाकीवर आलेलं मात्र दिवाणखान्यातच बसलेलं असतं, पाहुण्यांना चहा देत. मुक्या जिवाला मारायचं आणि वर त्याला हौतात्म्य बहाल करायचं, याचा मला राग येतो, आणि तो निम्मा स्वतःवरचा असतो, कारण पाहुण्यांसमोर टाकी रिकामी दिसू नये ही तडफड मला आतून ठाऊक आहे.

कुणी म्हणेल, मग रिकामी टाकी मिरवणं ही तरी दुसरी कसली हौस? अगदी तीच. नळीत 5 मिलिलिटर पाणी घ्यायचं, थेंब टाकायचे, पांढऱ्या कागदासमोर धरायचं. अमोनियाची नळी हिरवी न होता पिवळी राहिली आणि नायट्राइटची जांभळी न होता आकाशी राहिली, तर जगात हे पाहायला दुसरं कुणीच नाही याचं जे दुःख होतं ते कुठल्याही कवीला लाजवेल. त्या दिवशी पाहुणा आला तर त्याला नळ्या दाखवल्या जातात आणि तो पुन्हा विचारतो, "पण मासे कुठायत?" माझी हौस गेली नाही, तिने फक्त कुणाचा जीव घेणं थांबवलं. आणि मळक्या स्पंजाचा तुकडा कुणी मागायला आलं तर टाकीच्याच पाण्यात भिजवून, डब्यात घालून, दिवेलागणीनंतरसुद्धा मिळेल. सोबत अर्ध्या तासाचं व्याख्यान आहे, ते मात्र तिथेच बसून ऐकावं लागेल.