पावणेतीन तोळे तेल

आमच्या घरी गेल्या नोव्हेंबरपासून तेल तोळ्यांत मोजतात.

निमित्त माझ्या रक्ताच्या रिपोर्टचं. त्यात जे आकडे खाली असायला हवे होते ते वर होते आणि जे वर हवे ते खाली. डॉक्टरांनी रिपोर्ट उलटसुलट पाहिला, चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि एवढंच विचारलं, "इंदौर के ही हो ना?" निदान तेवढ्यावरच झालं. मग त्यांनी शेजारच्या खोलीतल्या आहारतज्ज्ञ मुलीकडे धाडलं. तिनं हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2024 सालच्या सूचनांतला तक्ता पुढे ठेवला. दिवसाला दोन हजार कॅलरी धरल्या तर धान्य 250 ग्राम, भाज्या 400, फळं 100, डाळी 85, दाणे-बिया 35, दूध 300 मिलिलिटर आणि तेल-तूप मिळून 27 ग्राम.

"सत्तावीस ग्राम म्हणजे किती गं?" मी घरी येऊन विचारलं.

हिचं माहेर सराफ्याच्या मागच्या गल्लीतलं. हिशेब तोंडावर. "दहा ग्रामचा तोळा धरला तर पावणेतीन तोळ्यांना थोडं कमीच."

पावणेतीन तोळे! लग्नात मला सासरहून आलेली साखळी तेवढ्याच वजनाची होती. ती मी तीस वर्षं पुरवली. तेल एका दिवसात पुरवायचं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओट्यावर वजनकाटा आला. हिनं स्टीलची वाटी ठेवली, आकडा शून्यावर आणला आणि औषध घालावं तसं थेंबथेंब तेल ओतलं. ऐन सत्तावीसला हात थांबला. वर झाकणी. "ही तुमची दिवसाची." पोळीला बोट लावायचं ते त्यातलंच, मोहरी तडतडायची ती त्यातच. दुपारी बारालाच वाटीचा तळ दिसायला लागला. संध्याकाळची आमटी फोडणीविना समोर आली तेव्हा मी म्हटलं, "उद्यातलं थोडं उचल म्हणून घे की."

"तेलात उचल मिळत नाही," ही म्हणाली.

आता कोणी म्हणेल, इंदुरात संतुलित आहार कुठला? हा अन्याय आहे. आमच्याइतकं संतुलन कुणाला कळतच नाही. सकाळी पोह्यांच्या तिखटावर जिलबी, कचोरीच्या आंबट-गोड चटणीवर शिकंजी, आणि शिकंजी म्हणजे लिंबू-पाणी समजू नका. आमची शिकंजी दुधा-मेव्याची, चमच्यानं खायची. दाल-बाफल्याचा बाफला आधी पाण्यात उकडतात, मग भाजतात, मग तुपात बुडवतात. इतकी तपश्चर्या करून तुपापर्यंत पोहोचलेल्या वस्तूला नाही म्हणणं माझ्या संस्कारांत बसत नाही. शेवटी जेवणाला एक तास झोपेचा प्रतिसाद देऊन तराजू समतोल होतो.

शिवाय आमचे पोहे वाफेवरचे. हा मुद्दा मी आहारतज्ज्ञ मुलीपुढेही मांडला. पुण्याकडे कढईत फोडणी करून पोहे परततात; आमच्याकडे गाडीवर उकळत्या पाण्याच्या भांड्यावर पोह्यांची परात चढवलेली असते, पोहे दिवसभर वाफेत मऊ राहतात, वर नुसती बडीशेप घमघमते. तेल जवळजवळ नाहीच. ती खूश झाली. "और ऊपर से?" तिनं विचारलं. मी खिडकीबाहेर पाहिलं.

ऊपर से म्हणजे कांदा, जिरावन मसाला, डाळिंबाचे दाणे आणि मूठभर शेव. ती मूठ पोहेवाल्याची असते, माझी नव्हे. डिसेंबरात एकदा धीर करून म्हटलं, "भिया, सेव जरा कम रखना." त्याचा हात हवेत थांबला. रांगेतल्या दोघांनी वळून पाहिलं. "क्यों भिया, तबियत तो ठीक है?" त्यानं इतक्या आपुलकीनं विचारलं, की त्याचं मन राखायला मी दोन मुठी घेतल्या. घरी वहीत मांडताना शेव बेसनाची म्हणून डाळीत लिहिली, डाळिंब फळांत. फळं भरली अकरा दाणे.

हे शहर 2017 पासून देशात सर्वांत स्वच्छ म्हणून ओळखलं जातं. ओला कचरा वेगळा, सुका वेगळा, प्लॅस्टिक वेगळं. गाडीचं गाणं ऐकू आलं की माणसं डबे घेऊन धावतात. म्हणजे घरातून बाहेर जाणाऱ्या प्रत्येक वस्तूचं वर्गीकरण आम्हाला जमतं. तोंडातून आत जाणाऱ्याचं तेवढं राहिलं.

तसं बेतानं वाढलेलं ताट आमच्याकडे जुनंच. 1818 साली मंदसोरचा तह झाला, होळकरांची राजधानी इंदुरात आली आणि दक्षिणेतून कारकुनी करायला आलेल्या मंडळींबरोबर वरण-भातही आला. माझी आजी ताट वाढायची ते आठवतं: डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, उजवीकडे भाजी, आमटी, मध्ये भाताची इवलीशी मूद. तक्त्यातलं चित्र पाहिलं तेव्हा मला ते ताटच दिसलं. फक्त त्या चित्रात शेवेचा डबा नाही. आमच्या घरात तो आजीच्या वेळेपासून पाटाजवळ असायचा, आता टेबलावर असतो आणि वरणावरसुद्धा शेव पडते. पुण्याच्या पाहुण्यांपुढे आम्ही तो लपवतो.

पुण्याहून मामेभाऊ आला तो जानेवारीत. सडपातळ माणूस; सकाळी ओट्स, संध्याकाळी सूप. "दादा, सराफा दाखव," एवढाच त्याचा हट्ट. पाहुणा म्हटल्यावर नाइलाज होता. रात्री दहाला निघालो. हीसुद्धा आली, माझ्यावर लक्ष ठेवायला.

सराफ्यात दिवसभर सोनं मिलिग्रामपर्यंत तोलतात. रात्री पेढ्यांची शटरं खाली येतात, त्याच पायऱ्यांपुढे भट्ट्या पेटतात आणि तोलणाऱ्यांच्या जागी ओतणारे येतात. जोशींच्या दुकानात दहीवड्याचा दोना हवेत उडाला, परत हातात आला, दह्याचा थेंब सांडला नाही. मामेभावानं टाळी वाजवली आणि दुसरा मागवला. मग भुट्टे का कीस, मग साबुदाण्याची खिचडी, मग मालपुवा. मी दोघांच्या मध्ये पाण्याची बाटली धरून उभा.

शेवटी गराडूची गाडी आली. थंडीतला हा कंद. फोडी एकदा तळतात, गिऱ्हाईक आलं की पुन्हा तळतात, वर जिरावन, लिंबू. कढईभोवती पांढरी वाफ. गाडीवर छोटा वजनकाटा होता.

"आज भाज्या किती झाल्या तुमच्या?" हिनं अचानक विचारलं.

"दुपारी दुधी. थोडासा."

तिनं कढईकडे पाहिलं. काट्याकडे पाहिलं. माहेरची गल्ली तिथून शंभर पावलांवर होती.

"कितना दूँ भाभीजी? सौ ग्राम?"

"चार सौ," ही म्हणाली. "और काँटा पहले जीरो पे करो, भिया."