बारा दिवसांत नऊ देश

हल्ली संथ प्रवासाचं कौतुक फार वाढलं आहे. एका शहरात महिनाभर राहावं, तिथल्या मंडईत भाजी घ्यावी, शेजाऱ्यांशी ओळख करावी आणि मगच पुढचा देश धरावा, असं जाणती मंडळी सांगतात. बारा दिवसांत नऊ देश करून येणाऱ्या मराठी माणसाला ती वेड्यात काढतात. हे वेड असेल तर असो. मला ते थोर वाटतं, आणि त्याची बाजू मांडायला ठाकुर्लीइतकी योग्य जागा दुसरी नाही.

डोंबिवली आणि कल्याणच्या मधलं हे स्टेशन. रेल्वेला लागणारी वीज एके काळी इथल्याच चोळा पॉवर हाऊसमध्ये तयार व्हायची, पण फास्ट लोकल ठाकुर्लीला थांबत नाही. स्लो थांबते ती जेमतेम अर्धा मिनिट. तेवढ्यात उतरणारे उतरतात, दारातले दोघे खाली उतरून वाट देतात आणि पुन्हा लटकतात, एखादी बाई आधी पिशवी आत देते आणि मग स्वतः चढते. सकाळी बसायला जागा हवी म्हणून कित्येक जण मुंबईला जाण्यासाठी आधी उलटे कल्याणला जातात. नोकरीची सगळी वर्षं ज्यांनी अशी काढली, त्यांना फ्लॉरेन्समध्ये दोन तास मिळाले तर ते कमी पडतील कसे? अर्ध्या मिनिटात किती मावतं हे ज्याला ठाऊक आहे, त्याच्यासाठी दोन तास म्हणजे प्रशस्त मुक्काम.

आता हिशेब पाहू. शेंगेन व्हिसावर २९ देशांत मिळून १८० दिवसांपैकी ९० दिवस राहता येतं. युरोप एवढा उदार आहे. पण व्हिसा नव्वद दिवसांचा मिळाला तरी साहेब रजा बाराच दिवसांची देतो, आणि तीही मार्चअखेर सोडून. शिवाय विमानाचं तिकीट आणि व्हिसाची फी एक देश पाहिला तरी तेवढीच आणि नऊ पाहिले तरी तेवढीच. म्हणजे देश वाढले की दर देशामागचा खर्च उतरतो. भविष्य निर्वाह निधीतून पैसे काढून निघालेल्या माणसाला हे गणित कोणी शिकवावं लागत नाही. तो सहलीच्या जाहिरातीत आधी देश मोजतो, मग जेवणं मोजतो.

मार्गही नामी आहे. पॅरिस, ब्रसेल्स, अ‍ॅमस्टरडॅम, कोलोन, ब्लॅक फॉरेस्ट, स्वित्झर्लंड, लिख्टेनश्टाइन, इन्सब्रुक, व्हेनिस, पिसा, रोम, व्हॅटिकन. यातला ऱ्हाइन नदीचा धबधबा घ्या. शाफहाउझनजवळचा हा धबधबा १५० मीटर रुंद आणि २३ मीटर उंच. उन्हाळ्यात त्यावरून सेकंदाला सरासरी ६०० घनमीटर पाणी कोसळतं. बस थांबते, टूर मॅनेजर माइकवर सांगतो, "चाळीस मिनिटं. साडेअकराला सगळे गाडीत." पंजाबी ड्रेसवर स्पोर्ट्स शूज घातलेल्या काकू कठड्याशी पोचतात, पदर नसल्यामुळे ओढणीनेच चष्म्यावरचे तुषार पुसतात आणि काकांना म्हणतात, "अहो, फोटो राहू दे, आधी बघा तरी." काका बघतात. मग फोटो होतो, चिवड्याचं पाकीट उघडतं, स्वच्छतागृहाची रांग लागते आणि साडेअकराला पाच कमी असताना सगळे गाडीत असतात. चाळीस मिनिटांत त्या धबधब्याला इतकं मन लावून पाहणारी माणसं सगळा दिवस काठावर पुस्तक वाचत पडणाऱ्यांत सापडणं कठीण. उठायची वेळ ठरलेली असली की डोळे चुकारपणा करत नाहीत.

विश्रांतीचा प्रश्नही युरोपने सोडवून ठेवला आहे. तिथल्या नियमाप्रमाणे बसचालकाने साडेचार तास गाडी चालवली की ४५ मिनिटं थांबायलाच हवं. दिवसाला साधारण नऊ तासांच्या वर चालवता येत नाही आणि प्रत्येक मिनिट गाडीतल्या यंत्रात नोंदलं जातं. प्रवाशाने किती थकावं याचा असा कायदा नाही, पण चालक थांबला की त्यालाही थांबावं लागतं. आपला वेग कोणता असावा याचा घोळ घालत बसण्यापेक्षा तो चालकाच्या प्रकृतीवर सोपवणं मला फार सुरक्षित वाटतं.

देशांच्या मोजणीवर मात्र हटकून आक्षेप येतो. व्हॅटिकनचं क्षेत्रफळ अवघं ०.४४ चौरस किलोमीटर, तोही देश धरायचा? अर्थातच धरायचा. रोममधून सेंट पीटरच्या चौकात पाऊल टाकलं की देश बदलतो, यात प्रवाशाचा काय दोष? लिख्टेनश्टाइन १६० चौरस किलोमीटरचं. शेंगेनच्या हद्दीत दर सीमेवर शिक्का मिळत नाही, म्हणून वाडुझच्या पर्यटन कचेरीत पैसे मोजून पासपोर्टवर हौसेने शिक्का मारून घेतात. सार्वभौम राष्ट्राचा मान लहान-मोठा पाहून ठेवायचा नसतो. ही समज नऊ देश मोजणाऱ्यांना आहे.

खरं तर हा वेग परका नाही. अष्टविनायकाच्या बसने मोरगावपासून पालीपर्यंत आठही गणपती दोन दिवसांत होतात आणि त्या भाविकाला कोणी उथळ म्हणत नाही. आळंदीहून आठवड्यांमागून आठवडे चालत गेलेला वारकरी विठ्ठलाच्या पायांवर डोकं टेकवतो तो क्षणभरच. तिथे किती वेळ थांबलास, असं आपण विचारत नाही. दर्शन घड्याळावर मोजू नये ही आपली जुनी शिकवण आहे. ती आयफेल टॉवरलाच का लागू नसावी?

संथपणाचे दाखले देणाऱ्यांनी इतिहासही नीट पाहावा. कल्याणात वाढलेल्या आनंदीबाई जोशी ७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून निघाल्या आणि ४ जूनला न्यूयॉर्कला पोचल्या. एका देशासाठी जवळजवळ दोन महिने लागले, कारण बोटीला तेवढे लागत. त्या शिकायला निघाल्या होत्या आणि लवकर पोचता आलं असतं तर नक्की पोचल्या असत्या. टॉमस कुकने १८७२ मध्ये लोकांना जगाच्या सफरीवर नेलं ती २२२ दिवसांची होती. त्या लोकांपाशी २२२ दिवस होते. आपल्याकडे मीना प्रभूंनी एकेका देशाला एकेक जाड पुस्तक दिलं, 'तुर्कनामा' काय, 'इजिप्तायन' काय. ती पुस्तकं मला प्रिय आहेत, आणि त्यांच्यासाठी किती निवांतपणा लागला असेल हेही त्यांतून कळतं. सवड हीसुद्धा मिळकत आहे, आणि ती सगळ्यांच्या वाट्याला सारखी येत नाही.

म्हणून वेगाचा सल्ला मागणाऱ्याला मी विचारतो: रजा किती आणि गुडघे कसे आहेत? तीन महिने मोकळे असतील तर खुशाल एका गावी राहा. बारा दिवस असतील तर दोन विमानाला द्या आणि उरलेल्या दहांत नऊ देश बसवा, कारण निवृत्तीनंतर निवांत जाऊ म्हणणाऱ्यांना पुढे रोमच्या दगडी फरशीवर चालवत नाही. कोणत्या देशात महिनाभर राहावंसं वाटतं हे नऊ पाहिल्याशिवाय कळायचं नाही. आणि तो महिना मिळेपर्यंत हातात आलेले नऊ देश सोडण्याचं शहाणपण ज्यांना परवडतं, त्यांनी ते आपल्यापाशीच ठेवावं.