मारेकऱ्यांवाचून सहल

सहलीचा विचका करण्यास शत्रू लागतो, हा समज ज्यांनी आपल्या गावच्या चार प्रतिष्ठित गृहस्थांबरोबर कधी प्रवास केला नाही, अशांनीच प्रसृत केला असावा. कारंजा तालुक्यातील आमच्या कामरगावात या विषयाचे जाणकार विपुल आहेत. तथापि त्याचे सांगोपांग शास्त्र मांडले ते हाँगकाँगच्या सॅमो हुंग या स्थूलदेही परंतु कमालीच्या चपळ नटदिग्दर्शकाने, १९८५ सालच्या ‘ट्विंकल, ट्विंकल लकी स्टार्स’ या कँटोनी बोलपटात.

त्यातील पाच उडाणटप्पू मित्रांना थायलंडातील पट्टाया येथे सुट्टी लाभते. समुद्र आहे, ऊन आहे, खर्चाची विवंचना नाही. आणि तरीही एकमेकांच्या खोड्या काढण्यात व परस्त्रियांपुढे आपले हसे करून घेण्यात ते ती सुट्टी अशा निष्ठेने नासवतात, की पुढे मारेकऱ्यांचे प्रकरण उपटून एका तरुणीचा बंदोबस्त त्यांच्या गळ्यात पडतो तेव्हा प्रेक्षकाला हायसेच वाटते. (त्या तरुणीला मारेकऱ्यांइतकेच या रक्षकांपासूनही जपावे लागते, आणि तो भाग आज पाहताना हसू ओठांवरच थबकते, हेही नमूद करणे प्राप्त आहे.) सॅमो, जॅकी चॅन आणि युएन बियाओ हे तिघेही बालपणी यू जिम-युएन या कठोर गुरूंच्या पेकिंग ऑपेराच्या शाळेत कोलांट्या शिकलेले; त्यामुळे हाणामारी सुरू झाली की मघाचे खुळे क्षणार्धात शहाणे दिसू लागतात. यासुआकी कुराता हा जपानी नट दोन्ही हातांत तीन टोकांची शस्त्रे परजीत येतो, आणि सॅमो त्याला सामोरा जातो तो टेनिसच्या रॅकेटी घेऊन!

पाच पुरुष, एक स्त्री आणि अंगावर आलेले संकट ही मांडणी आम्हा वऱ्हाडकरांना परकी कशी वाटावी? अज्ञातवासातील भीमाने कीचकाला ठार करून ज्या दरीत फेकले, ती दरी आमच्या चिखलदऱ्यालाच आहे, अशी आख्यायिका आहे. याच कीचकावर खाडिलकरांनी १९०७ साली नाटक रचले. त्यात लॉर्ड कर्झनची छबी ओळखून सरकारने १९१० साली ते जप्त केले. असा मातब्बर खलनायक लाभलेल्या स्थळी आमच्या मंडळाने, प्रासंगिक करारावर एसटी घेऊन, सहल काढावी हे यथोचितच होते.

परंतु आमच्या नशिबी मारेकरी नव्हते. अमरावतीपर्यंत खिडकीच्या जागेचा दावा चालला, परतवाड्याला चहाचे पैसे वर्गणीत धरावेत की नाहीत यावर मसलत झाली, आणि घाट लागल्यावर एक वयोवृद्ध सभासद उठून म्हणाले, “आधी हिशोब वाचून दाखवा, मंग पुढं जाऊ.” खजिनदारांनी वही घरी राहिल्याची सबब सांगितली, ती एकमताने नामंजूर झाली. त्या घटकेला एखादा शस्त्रधारी इसम गाडीसमोर आडवा आला असता, तर आम्ही सर्वजण हातात येईल ती वस्तू घेऊन, एकदिलाने, कदाचित खजिनदारांनाच पुढे करून, त्याच्यावर तुटून पडलो असतो. पण मेळघाटात त्या दिवशी माकडांखेरीज कोणी हजर नव्हते, आणि तीही आमचा आवाज ऐकून झाडावर चढली.

भीमकुंडाशी पोहोचताच मंडळींनी कीचकाचा वृत्तांत मोठ्या भक्तिभावाने ऐकला, खाली वाकून दरीची खोली पाहिली आणि मग सर्वांच्या माना एकाच दिशेला वळल्या.

“खजिनदारसाहेब, या नं असे कड्याजवळ, फोटो काढतो तुमचा!”

“काढा तुम्ही,” गाडीच्या दाराला धरून ते म्हणाले, “मले इथूनच बरं दिसते.”