पुण्याचा ध्वज: पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

महापालिकेला बोधचिन्ह आहे. पुण्याचा म्हणून चटकन डोळ्यांपुढे यावा असा ध्वज मात्र नाही. तो तुम्ही करणार असाल तर कागद-पेन्सिल घ्या आणि घरात कुणाला सांगू नका. सूचना सुरू होतील.

नियम उत्तर अमेरिकेतल्या ध्वज-अभ्यासकांनी छापूनच ठेवलेत: पोरालाही आठवून काढता यावी अशी आकृती, रंग दोन-तीन, चिन्हाला अर्थ, अक्षरे नाहीत, कुणाची नक्कल नाही. शिकागोने पाण्यासाठी दोन निळे पट्टे घेतले. आपल्याकडेही मुळा-मुठा आहेत. पण संगम पुलावरून एकदा खाली बघा, मग रंग ठरवा.

शनिवारवाडा काढायचा मोह आवरा. १७ नोव्हेंबर १८१७ रोजी बाळाजीपंत नातूंनी त्याच वाड्यावर इंग्रजांचे निशाण चढवले, हे कट्ट्यावरचा पहिलाच माणूस ऐकवेल.

अक्षरांचा नियम इथे जड जाईल. कोरे कापड दिसले की पुणेकराचे हात शिवशिवतात. तो दाखलाही देईल: मादाम कामांनी १९०७ साली जर्मनीत फडकवलेला, केसरीवाड्यात जपलेला ध्वज, त्यावर मधोमध 'वंदे मातरम्' आहेच की! आहे. पण तो स्वतंत्र देशाचा दावा होता, पार्किंगचा नव्हे.

चिन्ह शोधायला लांब जाऊ नका. १६३०च्या सुमारास आदिलशाही सरदार मुरार जगदेवाने पुणे जाळले, गाढवाचा नांगर फिरवला आणि पहार रोवून तिच्यावर तुटकी वहाण टांगली, असे सांगतात. नियम लावून पाहा. आकृती सोपी, अक्षर एकही नाही, अर्थ वेशीबाहेरूनही कळावा, आणि नक्कल म्हणायची कुणाची छाती नाही. हेतू नीच, कारागिरीला पैकीच्या पैकी. पुढे जिजाबाईंनी बाल शिवाजीच्या हातून सोन्याच्या फाळाने तीच भुई नांगरली, ही कथा तर पुण्यात पोराटोरांनाही पाठ असते.

तेव्हा भगव्यावर सोनेरी नांगर. मात्र सोनेरी भगव्यात लांबून विरते, म्हणून काळी कड द्या. शिवून झाला की नदीपात्रात ढोल-ताशाच्या सरावाला न्या आणि पथकातल्या ध्वजवाल्या पोराच्या हाती द्या. त्याने काठी गरगरा फिरवली की बारीक नक्षी सगळी नाहीशी होते. तरीही नांगर ओळखू आला तर ध्वज पास.

मजकुरावाचून चैनच पडत नसेल तर खांबाच्या बुंध्याशी पाटी लावा. आणि वहाणेचा पर्याय समितीपुढे चुकूनही मांडू नका. एकमताने मंजूर होईल.