नाईलची देवी आणि बिघडलेलं रोम

काय म्हणता, रोमला देव कमी पडले? ज्या गावात बिजागरीला एक देवी, उंबऱ्याला वेगळा देव, गव्हावरच्या तांबेऱ्याला तिसरा आणि गटारावर राखणीला खुद्द क्लोआकिना देवी, त्या गावाने थेट इजिप्तहून देवी आणावी? पण नाही, इसिसच हवी! गुळगुळीत डोक्यांचे पुजारी, हातात खुळखुळे, अंगात पांढरं लिनन, आणि जोडीला कुत्रातोंड्या अनुबिस. शोभतं का हे?

बरं, सिनेटने कमी थयथयाट केला? वेद्या उखडल्या, देवळं पाडायचे हुकूम सोडले. रोमन लेखक वालेरियुस माक्सिमुस सांगतो, पाडायला मजूर आणले तर एकाचा हात उठेना. शेवटी कॉन्सलसाहेबांनी आपला काठाचा टोगा उतरवला आणि स्वतःच कुऱ्हाड घेऊन दारावर घाव घातला. आता बोला! आणि मग इ.स.पू. 43 मध्ये सत्ता वाटून घेणाऱ्या त्रिकुटाने काय करावं? याच देवीला देऊळ द्यायचं ठरवलं. त्या तिघांतल्या ऑक्टेवियनने पुढे क्लिओपात्राला हरवलं आणि इ.स.पू. 28 मध्ये शहराच्या हद्दीत इजिप्शियन पूजाअर्चा बंद करून टाकली. क्लिओपात्रा स्वतःला नवी इसिस म्हणवायची ना! ठेवा मग राग देवीवर.

बंदीने काही थांबलं? छे! कवी प्रोपर्तियुस रडकुंडीला आलेला: प्रेयसी देवीच्या नावाने दहा रात्री जवळ येऊ देईना. तिकडे ओविड पोरांना सांगतो, इसिसचं देऊळ मुळीच चुकवू नका, पोरी तिथेच भेटतात. म्हणजे देवी एकाची ताटातूट करणार आणि दुसऱ्याचं सूत जुळवणार! उपहासकवी ज्युवेनालच्या कवितेतल्या बाया तर भर हिवाळ्यात पहाटे टायबरवरचा बर्फ फोडून तीन बुड्या मारतात आणि रक्ताळलेल्या गुडघ्यांनी मैदानभर रांगतात. घरी साधं पाणी गार लागलं तर दासीची काय गत करत असतील, देव जाणे. कुठला, ते विचारू नका.

पोंपेईत तर कहरच. इ.स. 62 च्या भूकंपात पडलेलं इसिसचं देऊळ कुणी बांधून दिलं? सहा वर्षांच्या पोराने! दारावरच्या शिलालेखात तसं स्पष्ट कोरलंय: नुमेरियुस पोपिदियुस केल्सिनुस, स्वखर्चाने, पायापासून. बाप होता मुक्त केलेला गुलाम. त्याला स्वतःला नगरसभेत बसता येत नव्हतं. सभेने खूश होऊन चिमुरड्याला फुकटात सभासद करून घेतलं. भक्तीचं फळ म्हणतात ते हेच असावं.

मोठ्यांचं काय सांगावं? इ.स. 69 च्या यादवीच्या धामधुमीत पुढे सम्राट झालेला डोमिशियन निसटला तो इसिसभक्ताच्या वेषात. म्हणजे असे भक्त इतके माजलेले, की त्यात एक घुसला तरी कुणाच्या लक्षात येऊ नये! पुढे सम्राट कोमोदुसने म्हणे डोकं भादरलं, मिरवणुकीत अनुबिसची मूर्ती खांद्यावर घेतली आणि तिच्या थोबाडाने शेजारच्या पुजाऱ्यांच्या तुळतुळीत टकलांवर टोले हाणले.

आणि 5 मार्चचा होडीचा सण? अपुलेयुसच्या कादंबरीतली मिरवणूक बघा: पालखीत बाईचं लुगडं ल्यालेलं अस्वल, टोपीवालं माकड, पंख चिकटवलेलं गाढव! छी छी, जगाला ताळतंत्र म्हणून उरलं नाही. अहो, जरा सरका ना पुढे, अस्वल दिसत नाहीये. आपण फक्त बघायला आलोय. हा खुळखुळा? तो शेजारणीचा, धरायला दिलाय.