शिवाजी पेठेचे जावई

मंगळवार पेठेतल्या माणसानं शिवाजी पेठेतली बायको करू नये, असा काही कायदा नाही. पण फुटबॉलचा हंगाम सुरू झाला की तो असायला हवा होता असं वाटायचं. आमचे आबा जन्मानं, तालमीनं आणि आवाजानं पाटाकडीलचे. आईचे सगळे भाऊ शिवाजी तरुण मंडळाचे, शाहू स्टेडियमवर समोरच्या बाजूला बसून सख्ख्या मेव्हण्याच्या नावानं शिट्ट्या मारणारे. पत्रिका जुळवताना गुरुजींनी नाडी बघितली, गण बघितले. पेठ बघायची राहून गेली.

आबांनी यावर तोड काढली होती. पाटाकडील जिंकली की मंडळींबरोबर गंगावेशीत कट्ट्यावर जायचं, म्हशीचं धारोष्ण दूध प्यायचं, ओरडायचं ते तिथंच ओरडून घ्यायचं आणि घराच्या वळणावर आलं की चेहरा पाडायचा. उंबऱ्यात चप्पल काढताना एक सुस्कारा.

"काय झालं ओ?"

"काय न्हाई. तुमची पोरं चांगली खेळली."

हरलेल्या माहेराचं सांत्वन इतक्या प्रामाणिक तोंडानं करणारा नवरा मी दुसरा पाहिला नाही. मिशीवर दुधाचा फेस तसाच असायचा, हे आईनं त्यांना कधी सांगितलं नाही. शिवाजी जिंकली की मात्र ती काजू घालून शिरा करायची. आबा तो निमूट संपवायचे आणि वर वाटी पुढं करायचे.

बाप म्हणून त्यांना खरं काम लागायचं ते पावसाळ्यात. मला दिली उत्तरेश्वर पेठेत, पंचगंगेच्या अंगाला. राजाराम बंधाऱ्यावर 39 फुटांना इशारा आणि 43 ला धोका, हे कोल्हापुरात पोरं पाढ्यांबरोबरच शिकतात. आबा तो आकडा लेकीच्या तापासारखा बघायचे. अपरात्री फोन. "साडेअडतीस झालं. गाद्या माळ्यावर टाक."

"आबा, हे झोपलेत."

"झोपू देत. त्यांना पवता येतंय काय, तेवढं सकाळी विचार."

2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 55 फुटांच्या वर गेलं. आम्हाला बोटीतनं बाहेर काढलं, तर काठावर पँट गुडघ्यापर्यंत दुमडून आबा उभे. मला वाटलं, आता जवळ घेतील. त्यांनी पोरांची डोकी मोजली, जावयाकडं एक नजर टाकली आणि विचारलं, "चटणीची बरणी आणलीस न्हवं?"

त्या बरणीवर त्यांचा हक्कच होता. उन्हाळ्यात चटणी डंकावर जायच्या आधी मिरच्यांची देठं मोडायची, हे काम लग्नापासून त्यांनी स्वतःकडं घेतलेलं. आईच्या हातांची आग होते म्हणून. तसं ते कधी म्हणाले नाहीत, म्हणायचे, "तुला जमत न्हाई, निम्मं देठ ऱ्हातंय." चटणीचे दिवस आणि हंगामाच्या शेवटच्या मॅचा नेमक्या एकदमच यायच्या. एका फायनलला आबा दुपारपर्यंत मिरच्यांच्या ढिगात बसले, हात नुसते पाण्याखाली धरले आणि तसेच स्टेडियमवर पळाले. शिवाजीनं पहिला गोल मारला, त्याच वेळी आबांनी घाम पुसायला डोळ्यांवर हात फिरवला. पुढची मॅच त्यांनी ऐकली. डोळ्यांतनं धारा लागलेल्या, नाक लाल, शेजारचे पाठीवर हात ठेवतायत. पाटाकडीलसाठी ढसाढसा रडणारा माणूस म्हणून त्या दिवसापासून त्यांना तालमीत मान मिळाला. आबांनीही खुलासा केला नाही. फुकटचा मान कोण परत करतं?

ते गेल्यावर तालमीनं शोकसभा घेतली. कोपऱ्यावर फ्लेक्सही लावला, गॉगल घातलेल्या फोटोचा. सभेत एक ज्येष्ठ खेळाडू उठले आणि त्या अश्रूंचं वर्णन त्यांनी असं काही केलं की मांडव हुंदके द्यायला लागला. आईनं तोंडाला पदर लावला. खांदे हलायला लागले तशी मी तिला सावरायला वाकले.

"संकेश्वरी मिरची हुती ती," पदराआडनं ती कुजबुजली. "ब्याडगीनं एवढं पाणी येत न्हाई."